गुडघ्यातली गादी काढायची की शिवायची?

वाचकाचं पत्र: मॅडम, मी डिचोलीचा, वय 22. गावच्या संघातून फुटबॉल खेळतो. जूनच्या अखेरीला ओल्या मैदानावर पाय रोवून वळताना उजव्या गुडघ्यात 'कट्' झालं. रात्रीपर्यंत गुडघा सुजला आणि दुसऱ्या दिवसापासून पाय पूर्ण सरळ होत नाही, मध्येच अडकतो. एमआरआयमध्ये आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गादीला, 'बकेट हँडल टेअर' आहे, लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारे पट्टे) शाबूत आहेत, असं आलंय. म्हापशाचे डॉक्टर म्हणाले, फाटलेला तुकडा काढून टाकू, दीड महिन्यात मैदानावर जाशील. पणजीचे म्हणतात, टाके घालू, पण सहा महिने खेळ बंद. डिसेंबरात आमची स्पर्धा आहे. मित्र म्हणतात, काढून मोकळा हो. आणखी एक विचारायचं होतं. माझी आई 54 वर्षांची. तिचा गुडघा दोन वर्षं दुखतोय आणि तिच्याही एमआरआयमध्ये मेनिस्कस फाटल्याचं लिहिलंय. तिलाही टाके घालून घ्यावेत का? गणपतीची चवथ जवळ आलीय आणि ती फुगडी सोडायला तयार नाही.

उत्तर:

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. तू टाके घालून घे. ते जमतं की नाही याची शेवटची खात्री दुर्बीण आत गेल्यावरच होते. पण तुझं वय, ताजी दुखापत, शाबूत लिगामेंट आणि गादी ज्या तऱ्हेने फाटली आहे ती तऱ्हा, हे सगळं टाक्यांच्या बाजूचं आहे. आईला मात्र टाके नकोत, आणि बहुधा दुर्बिणीची शस्त्रक्रियाही नको. दोघांच्या रिपोर्टात एकच शब्द छापून आला तरी तुमच्या गुडघ्यांत घडलंय ते अगदी वेगळं आहे.

तुझ्या बाबतीत वेळ घालवू नकोस. पाय अडकतो, कारण फाटलेली पट्टी उलटून सांध्याच्या मधोमध जाऊन बसली आहे. पाय सरळ करायला गेलं की ती दोन हाडांमध्ये चेपते. असे आठवडे जात राहिले की पट्टी चुरगळते, आखडते, मग ती जागेवर बसवणं आणि शिवणं दोन्ही अवघड होतं. अडकलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी. तोवर कुबडी वापर. आणि कोणी कितीही भरवशाचा माणूस म्हणून सांगितला तरी झटका देऊन पाय 'बसवून' घेऊ नकोस. आत शिवता येण्याजोगी जी पट्टी उरली आहे, ती त्या झटक्यात कायमची फाटू शकते.

आता मित्रांच्या 'काढून मोकळा हो' या सल्ल्याबद्दल. गुडघ्यात मांडीचं हाड खालून गोल आणि नळीचं हाड वरून जवळजवळ सपाट. या दोघांमध्ये आतल्या आणि बाहेरच्या बाजूला एकेक चंद्रकोरीसारखी कूर्चेची गादी असते, तीच मेनिस्कस. तिच्यातले मुख्य धागे कडेकडेने गोल फिरतात आणि पुढच्या-मागच्या टोकांना हाडात घट्ट रुजलेले असतात. वरून भार आला की गादी बाहेर सरकू पाहते आणि हे धागे तिला धरून ठेवतात, लाकडी पिंपाच्या फळ्यांना लोखंडी कडं आवळून धरतं तसे. कडं शाबूत असेल तरच भार सगळीकडे पसरतो. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार या गाद्या वाहतात, काटकोनात वाकवल्यावर सुमारे 85 टक्के. बकेट हँडलमध्ये फाटलेली पट्टी बरीच मोठी असते. ती काढणं म्हणजे गादीचा मोठा हिस्सा काढणं. मग तोच भार कमी जागेवर पडतो आणि हाडावरचं गुळगुळीत आवरण झिजू लागतं. दीड महिन्यात तू खेळशील, ही गोष्ट खरी आहे. त्या डॉक्टरांनी तुला खोटं काही सांगितलेलं नाही. पण हिशेब पस्तिशी-चाळिशीत द्यावा लागतो आणि तेव्हा बसवायला नवी गादी सहज मिळत नाही.

हे शस्त्रक्रियेच्या जगाला कळायलाही फार वेळ लागला. एडिंबराच्या थॉमस अ‍ॅनन्डेल यांनी 16 नोव्हेंबर 1883 रोजी एका खाणकामगाराची सुटलेली मेनिस्कस टाके घालून जागेवर बसवली होती. दुर्बीण नाही, गुडघा उघडून. तरीही पुढची कित्येक दशकं मेनिस्कस हा निरुपयोगी अवशेष मानला गेला आणि दुखली की सरसकट पूर्ण काढून टाकली गेली. 1948 मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने अशा गुडघ्यांचे एक्स-रे बारकाईने पाहिले आणि गादी काढल्यावर सांध्याचा आकार कसा बदलत जातो ते दाखवलं. त्यानंतर हळूहळू मत फिरलं. 1969 मध्ये जपानच्या हिरोशी इकेउची यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा मेनिस्कसला टाका घातला. आज जाणत्या शल्यविशारदांची दिशा ठरलेली आहे: तरुण माणसाची गादी वाचवता येत असेल तर वाचवायचीच.

मग सगळ्यांचीच का शिवत नाहीत? कारण रक्त. मोठ्या माणसाच्या मेनिस्कसला फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, रुंदीच्या साधारण 10 ते 30 टक्के भागाला. आतली पातळ कड सांध्यातल्या वंगणावर पोसली जाते. जिथे रक्त आहे तिथे जखम भरते, जिथे नाही तिथे टाका उत्तम घातला तरी फाट जुळून येण्याची शक्यता कमी. डॉक्टर याला लाल भाग, पांढरा भाग आणि मधला लाल-पांढरा भाग म्हणतात. बकेट हँडलची फाट उभी, कडेला समांतर आणि बऱ्याचदा बाहेरच्या कडेच्या जवळ असते. म्हणूनच तुझ्याबद्दल मला आशा वाटते. तुझ्या एमआरआयच्या फिल्म घेऊन पणजीच्या डॉक्टरांना एवढं विचार: फाट बाहेरच्या कडेपासून किती मिलिमीटरवर आहे? तीन-चार मिलिमीटरच्या आत असेल तर उत्तम.

टाके घालायच्या मुख्य पद्धती तीन आहेत. पत्रात तू 'टाके म्हणजे नक्की काय करणार' असं विचारलेलं नाहीस, पण विचारायला हवं होतंस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात सगळीकडे सारखी. गुडघ्याच्या पुढे वाटीच्या खाली दोन बारीक छिद्रं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारं. उलटलेली पट्टी आधी बोथट हुकाने ढकलून जागेवर बसवतात. नंतर फाटीच्या दोन्ही कडा बारीक कानशीने खरवडतात, म्हणजे तिथे थोडं रक्त येतं आणि भरून यायला सुरुवात होते. ही खरवडणी फार महत्त्वाची आहे. गुळगुळीत, जुनाट झालेल्या कडा नुसत्या जवळ आणून बांधल्या तर त्या जुळत नाहीत.

पहिली पद्धत आतून बाहेर. एका धाग्याच्या दोन्ही टोकांना लांब, लवचिक सुया असतात. वाकड्या नळीतून एक सुई गादीतून आरपार आणि सांध्याच्या मागच्या आवरणातून बाहेर काढतात, दुसरी तिच्याजवळून तशीच. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मागे तीन-चार सेंटिमीटरचा छेद घेतलेला असतो. तिथे सहायक चमच्यासारखं अवजार धरून प्रत्येक सुई झेलतो, कारण तिच्या मागेच पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात. गाठी सांध्याबाहेर, आवरणावर बांधल्या जातात, त्यामुळे आत काही घासत नाही. टाके उभे घालायचे, म्हणजे ते गोल फिरणाऱ्या धाग्यांना कवेत घेतात आणि आडव्या टाक्यांपेक्षा जास्त ताण सोसतात. दर तीन ते पाच मिलिमीटरवर एक टाका पडतो, म्हणून मोठ्या फाटीला बरेच टाके लागतात. काम वेळखाऊ आहे, छेदाजवळची त्वचेची नस दुखावली तर पोटरीच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो. पण मोठ्या बकेट हँडलसाठी आजही बहुतेक जण हीच पद्धत मापदंड मानतात. मलाही हीच पटते.

दुसरी पद्धत पूर्ण आतून. यात तयार अवजार येतं. त्याच्या सुईत दोन इवलेसे अँकर (धागा अडकवून धरणारे तुकडे) आणि आधीच घातलेली सरकती गाठ असते. सुई गादीतून आवरणापलीकडे गेली की पहिला अँकर तिथे अडकतो, थोड्या अंतरावर दुसरा, मग धागा ओढला की गाठ आवळते. वेगळा छेद लागत नाही, वेळ वाचतो, अगदी मागच्या टोकाजवळ हात पोचतो. मात्र प्रत्येक अवजाराचे पैसे वेगळे पडतात आणि फाट मोठी असली की तीन-चार अवजारं सहज लागतात. या पद्धतीच्या आधीच्या एका पिढीत कडक बाणासारखे खिळे वापरत. ते डोकं वर काढून समोरच्या कूर्चेला ओरखडे पाडत. आता ते मागे पडले.

तिसरी बाहेरून आत. साधी पोकळ सुई त्वचेतून गादीत घालून धागा आत सोडायचा आणि परत बाहेर आणून बांधायचा. गादीच्या पुढच्या भागासाठी ही सोयीची आणि स्वस्त. तुझ्यासारख्या लांब फाटीला कित्येकदा तिन्हींची सांगड घालतात: मागे अँकर, मध्ये आतून बाहेर, पुढे बाहेरून आत. कोणती पद्धत, यापेक्षा तुझ्या डॉक्टरांचा हात कशावर बसलेला आहे हे जास्त महत्त्वाचं. तेव्हा त्यांना आग्रहाने एकच पद्धत सुचवू नकोस. विचारायचं ते हे: अशा फाटी तुम्ही नेहमी शिवता का, आणि आतून बाहेर करायची वेळ आली तर ती तयारी असते का?

लिगामेंटची शस्त्रक्रिया सोबत होते तेव्हा हाडात बोगदा पाडला जातो, मज्जेतून रक्त सांध्यात येतं आणि टाके जास्त चांगले जुळतात. तुझं लिगामेंट शाबूत आहे, म्हणून तो फायदा आपोआप मिळणार नाही. काही शल्यविशारद अशा वेळी सांध्याच्या मधल्या खाचेत हाडाला दोन-तीन बारीक भोकं पाडून मज्जेचं रक्त मुद्दाम आणतात. ते हे करतात का, एवढं विचारून ठेव.

संमतीच्या कागदावर सही करण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घे. टाके घालायचे की तुकडा काढायचा, हा निर्णय टेबलावर होतो, तू तेव्हा भुलीखाली असतोस. दोन्हींची संमती दे, पण 'शिवता येत असेल तर शिवायचंच, डिसेंबरची स्पर्धा मध्ये आणू नका' हे त्यांना तुझ्या तोंडून ऐकू दे. रुग्णाला लवकर खेळायचंय असं कळलं की तुकडा काढण्याकडे कल झुकतो, आणि तो अगदी सद्हेतूनेही झुकतो.

टाके घातले म्हणजे काम फत्ते, असंही नाही. पाच वर्षांहून जास्त पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर साधारण 20 ते 25 टक्के टाके पुढेमागे निकामी ठरतात, पद्धत कुठलीही असो. तेव्हा दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते आणि तेव्हा तुकडा काढावाही लागेल. हा धोका मी तुझ्यापासून लपवणार नाही. तरी चारांपैकी तिघांची गादी टिकते, आणि बावीस वर्षांच्या गुडघ्यासाठी ही संधी घेण्यासारखी आहे असं माझं ठाम मत आहे.

आता सहा महिन्यांचं. पहिले चार ते सहा आठवडे पायाला ब्रेस, चालताना तो सरळ लॉक केलेला, हातात कुबड्या. किती भार टाकायचा ते फाटीवर ठरतं. उभी फाट असेल तर ब्रेसमध्ये थोडा भार बहुतेक जण टाकू देतात, पण तुझ्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. बसल्या जागी गुडघा काटकोनापर्यंतच वाकवायचा. जास्त वाकवला की गादी मागे ढकलली जाते आणि सगळा ताण मागच्या टाक्यांवर येतो. मांडीचा पुढचा स्नायू पहिल्या दिवसापासून आवळत राहायचं, नाहीतर तो बघता बघता वाळतो. मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, देशी संडास, हे चार महिने तरी बंद. घरात कमोड नसेल तर शस्त्रक्रियेच्या आधीच कमोडची खुर्ची आणून ठेव. ही सोय लोक नेमकी घरी आल्यावर शोधायला लागतात. स्कूटरही ब्रेस सुटून पायात जोर येईपर्यंत नको. उजवा पाय ऐनवेळी टेकवावा लागला तर तो ब्रेसमधल्या पायाला झेपणार नाही.

चवथ तुझ्या ब्रेसच्या दिवसांत किंवा त्याच्या जरा पुढे येईल. गणपतीवरची माटोळी (फळापानांचं छत) बांधायला स्टुलावर चढायचं काम या वर्षी भावंडांना दे, आरतीला खुर्ची घे. पावसात ओल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवर आणि शेवाळलेल्या अंगणात कुबडी घसरते, तिच्या टोकाचं रबर झिजलेलं नाही ना, बघत जा.

साधारण चौथ्या महिन्यात सरळ रेषेत धावणं सुरू होईल. वळणं, अडवाअडवी, टॅकल सहाव्या महिन्याआधी नको, आणि तेही तारीख उलटली म्हणून नव्हे. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत आली आहे, सूज येत नाही, एका पायावर उडी मारून स्थिर उतरता येतं, हे फिजिओथेरपिस्टने पाहिल्यावरच मैदानात उतर. या डिसेंबरची स्पर्धा तुझी गेली. कापणीनंतर शेतात रंगणारे सामनेही या वर्षी बांधावर उभं राहून बघ. मला माहीत आहे, हे वाचताना तुला राग येईल. तो येऊ दे.

खर्चाबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण तो प्रश्न असणारच. घरात गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर दवाखान्यात आधी दोन गोष्टी लेखी विचार: ही शस्त्रक्रिया पॅकेजात बसते का, आणि अँकरचा खर्च त्यात धरला आहे का? बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अस्थिरोग विभाग आहे, दुसरं मत घ्यायला तिथे जायला संकोच करू नकोस. फक्त रांगेसाठी तारीख पुढे जात असेल तर अडकलेला गुडघा आहे, हे नोंदणीच्या वेळीच सांग.

आता आईचं. चाळिशी-पन्नाशीनंतर गादी पिकते, तिचे थर आडवे सुटायला लागतात. एमआरआय केला तर ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या गुडघ्यांतही फाट दिसते. म्हणून दोन वर्षांच्या दुखण्याचं कारण तीच फाट आहे, असं धरून चालता येत नाही. ते दुखणं बहुधा सांध्याच्या एकूण झिजेचं असतं. अशा पिकलेल्या गादीत टाका धरत नाही. आणि तुकडा काढून काही साधतं का? फिनलंडमध्ये 35 ते 65 वयाच्या 146 रुग्णांवर याची परीक्षा झाली. निम्म्यांचा फाटलेला भाग काढला, निम्म्यांच्या बाबतीत तो काढल्याचं नुसतं भासवलं. कुणाला काय केलं ते रुग्णांना माहीत नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांचं दुखणं सारखंच कमी झालेलं होतं. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने झिजेच्या गुडघ्यांवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

आईला करायचं आहे ते कंटाळवाणं आणि गुणकारी आहे: दोन्ही पायांवर उभं राहून काढलेला साधा एक्स-रे, फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले मांडी-नितंबाचे व्यायाम किमान तीन महिने, वजन जास्त असेल तर ते उतरवणं. फुगडी पूर्ण बंद कर, असं मी तिला सांगणार नाही. उभ्याने फिरायच्या संथ फुगड्या खेळू दे, बसफुगडी आणि गिरक्या या वर्षी पोरींना सोपव म्हणावं.

एक अपवाद मात्र तपासून घे. आईला कधी उकिडव्यातून उठताना किंवा पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे अचानक 'टक्' होऊन एका दिवसात दुखणं वाढलं होतं का? तसं असेल तर गादीचं मागचं मूळ हाडापासून सुटलेलं असू शकतं. उकिडवं बसायची सवय असलेल्या आपल्याकडच्या बायकांत हे पुष्कळ दिसतं. मूळ सुटलं की गादी जागेवर असूनही निकामी होते. सांधा अजून झिजलेला नसेल तर नळीच्या हाडात बोगदा पाडून, धाग्याने ते मूळ ओढून पुन्हा हाडाला बांधता येतं. त्यामुळे तिचा एमआरआय घेऊन पणजीच्याच डॉक्टरांकडे जा आणि 'रूट (मूळ) शाबूत आहे का' एवढं विचार. शाबूत असेल तर दुर्बिणीचा विषय तिथेच संपला.

शस्त्रक्रियेनंतर पोटरी घट्ट होऊन सुजली, छातीत दुखलं, दम लागला, ताप येऊन गुडघा लालभडक झाला किंवा जखमेतून पू आला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नकोस. त्याच रात्री दवाखाना गाठ, आणि तसाच निरोप घरातल्या सगळ्यांना देऊन ठेव.